सोनबाचा निरोप्या

वालचंदनगरच्या कॉलनीत, कडुनिंबांची ओळ जिथे संपते तिथे, दोन खोल्यांचा एक क्वार्टर होता. त्या घरात माणूस एकच राहत असे, पण आवाज पुष्कळ राहत असत. माणसाचे नाव सोनबा. वय चोपन्न. कारखान्यात वाफेचा दाब दाखवणारी, उष्णता दाखवणारी काट्यांची यंत्रे दुरुस्त करणे हे त्याचे काम, आणि त्या कामात त्याची तीस वर्षे गेली होती. पत्नी म्हाळसा पाच वर्षांपूर्वी देवाघरी गेली. पोटी मूल नव्हते. सकाळी एक भाकरी थापावी, अर्धी खावी, अर्धी संध्याकाळसाठी झाकून ठेवावी, एवढाच संसार उरला होता.

आणि आवाज? ते होते चालत्या माणसांचे.

इंदापूर-बारामतीकडची धनगरांची काही घरे अजूनही मेंढरे राखतात. दिवाळी सरली की मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात, आणि मृगाच्या तोंडाला परत वर येतात. दहा-बारा घरे मिळून चालतात. त्या चालत्या वस्तीला ते ‘वाडा’ म्हणतात. भिंत नाही, दार नाही, उंबरा नाही, तरी तो वाडा. आज या रानात, उद्या त्या रानात. मागे गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईने, लेक दिलेल्या बापाने, आपले माणूस आज कुठे आहे हे कुणाला विचारावे? रानाला का आभाळाला?

त्या प्रश्नाला सोनबाने आपल्या बाहेरच्या खोलीत उत्तर मांडून ठेवले होते. म्हाळसेची ज्वारीची कणगी होती त्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. बारामतीच्या एका क्लासने नवीन यंत्रे घेतली तेव्हा काढून टाकलेला. सोनबाने तो आणला, टेलिफोनची तार त्याला जोडली, मासिकाबरोबर मिळालेल्या चकतीवरून त्याला बोलायला शिकवले, ऐकायला शिकवले, ऐकलेले जपून ठेवायला शिकवले. यात सहा महिने गेले. शहाणी माणसे अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. वाड्यावरच्या माणसांनी त्याला नाव दिले ‘निरोप्या’.

नऊ वाडे होते, नऊ आकडे होते. बाजाराच्या गावी एसटीडीच्या खोक्यातून वाड्यावरचा कुणी सोनबाच्या घरी फोन लावी. तिसऱ्या घंटीला निरोप्या फोन उचली आणि सोनबाच्याच आवाजात बोले, “रामराम मंडळी. वाड्याचा आकडा दाबा, आन निरोप सांगा.” मग एक बारीक शिटी वाजे, आणि माणूस बोले. अमक्या माळावर थांबलो नाही, तमक्या ओढ्याकाठी उतरलो आहोत, पाऊस नाही, मेंढी व्याली, पोराचा ताप उतरला. गावची माणसे सवडीने येत, किंवा दुसऱ्या फोनवरून आधी शून्य दाबून ऐकत. सोनबा कामावर असो वा नसो, निरोप्या जागा असे. एकही निरोप खाली पडू नये, हा त्याचा नेम होता.

नेमामागे जखम असते. सोनबाच्या नेमामागेही होती.

अकरा वर्षांपूर्वी, सत्त्याऐंशी साली, सोनबाची आई धाकट्या लेकाच्या वाड्याबरोबर कोकणात होती. धाकट्याचे नाव शंभूराज. थोरला कारखान्यात, धाकटा मेंढरांमागे. आईने मेंढरे निवडली, कारण तिला छताखाली झोप येत नसे. तिकडे ती आजारी पडली. शंभूराजने पोस्टातून कॉलनीशेजारच्या अंथुर्णे गावातल्या एका दुकानात फोन केला, “थोरल्याला सांगा, आई बोलावतीया.” दुकानदाराने निरोप चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी वजनाच्या मापाखाली ठेवली. माप हलले, चिठ्ठी हलली, आणि सोनबाच्या हाती पडली ती चौथ्या दिवशी. तो धावत गेला तेव्हा राख निवली होती. शंभूराज त्याच्याकडे पाहत म्हणाला, “तीन दिस वाटंकडं डोळं लावून हुती. आता तुझी वाट ह्या घरात कुणी बगणार न्हाय.” सोनबाने चिठ्ठीचे सांगितले. ते धाकट्याला खोटे वाटले. त्या दिवसापासून भाऊ भावाशी एक शब्द बोलला नाही.

निरोप्या सुरू झाला तेव्हा सगळे वाडे त्यावर बोलू लागले, आणि शंभूराजच्या वाड्यावरच्या बायका त्याच्या मागे लागल्या. वाड्याचा म्होरक्या तो. त्याला फोन करणे भाग पडले. पहिल्या वेळी सोनबा घरी होता. त्याने स्वतः फोन उचलला, “हॅलो” म्हटले. तिकडे श्वास ऐकू आला, आणि फोन बंद झाला. दुसऱ्या बाजाराला पुन्हा तसेच. तिसऱ्या बाजाराला सोनबाने हात आवरला. घंटी वाजू दिली. निरोप्याने फोन उचलला, आणि नऊ वर्षांनी त्या खोलीत भावाचा आवाज आला, “वाडा सात. मुक्काम नदीच्या अंगाला. माणसं बरी हायती. मेंढरं बरी हायती.” बस. ना दादा, ना रामराम. पण आवाज आला! तहानलेल्याला कुणी घागर दिली नाही, नुसती ओली ओंजळ दिली. त्याला तीही पुरली.

तेव्हापासून दर शुक्रवारी, घाटाखालच्या बाजाराच्या दिवशी, सोनबा दुपारची पाळी मागून घेई. अकराच्या सुमारास निरोप्याशेजारी पाट टाकून बसे. फोनला हात लावत नसे. भाऊ यंत्राशी बोलतो, आणि आपण यंत्राच्या आडून ऐकतो, एवढेच भावाचे नाते त्याच्याकडे शिल्लक होते.

आता त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात, काय झाले ते ऐका.

निरोप फार झाले होते आणि यंत्राची स्मरणशक्ती थोडी. आवाज मधेच तुटू लागले. अंथुर्ण्याची बनाबाई तर भांडायलाच आली. तिची लेक मनिषा शंभूराजच्या वाड्यात दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बनाबाई म्हणाली, “सोनबा, तुझा निरोप्या माजी लेक अर्ध्यात तोडतुया. ‘आई, दुखायला’ म्हनली आन गपच! काय दुखायला? पाय का पोट? आठ दिस मी जीव मुठीत धरून हाय.”

“मेमरी कमी पडतीया, मावशे.”

“मंग घाल की. का तितं बी रेशन हाय?”

सोनबाने बारामतीहून मेमरीची नवी पट्टी आणली. बोटभर रुंद, वीतभरही लांब नाही. एका कडेला सोन्यासारख्या झळकणाऱ्या रेघा. ती पट्टी खाचेत बसवली की झाले. आणि दिवस निवडला चंपाषष्ठीचा. खंडोबाचा दिवस, त्याहून चांगला मुहूर्त कोणता?

म्हाळसा असताना घरात नवी वस्तू आली की तिला आधी भंडारा लागे. कुदळ असो, कुकर असो, सोनबाची नवी पक्कड असो. हळदीची चिमूट कपाळी, मग काम. सोनबाने तिची ती रीत सोडली नव्हती. त्याने स्नान केले, आईने कातलेल्या लोकरीचे घोंगडे अंथरले, त्यावर ताम्हण ठेवले, खोबरे ठेवले, बेल ठेवला, भंडारा ठेवला. तळी उचलायला पाच जण लागतात. पाच हात एका ताम्हणाला लागावेत, पाच गळ्यांतून एक नाव निघावे, तेव्हा तळी भरते. घरात सोनबा एकटा. त्याने उजव्या हाताने ताम्हण उचलले आणि उरलेल्या चौघांची नावे मनात घेतली: वडील, आई, म्हाळसा. तिघे वर गेलेले. चौथे नाव घेताना तो थोडा थांबला. मग तेही घेतले. “येळकोट येळकोट जय मल्हार!” एकट्याचा आवाज भिंतीवर आपटून परत आला.

मग त्याने यंत्राचे झाकण उघडले. नवी पट्टी तळहातावर घेतली. तिचे कपाळ कुठे? जी कड सोन्यासारखी झळकते ती! त्याने ओल्या भंडाऱ्याचे बोट त्या सोनेरी कडेवरून प्रेमाने ओढले. जुनी पट्टी रुसायला नको, म्हणून तीही काढली, तिलाही लावले. थोरली धाकटी दोन्ही शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या. आणि भरल्या मनाने एक मूठ भंडारा उघड्या यंत्रावर उधळला. खोली पिवळी झाली.

त्याने बटण दाबले.

रोज बटण दाबले की निरोप्या एक छोटी शिटी घाली आणि पडदा उजळे. आज पडदा काळाच राहिला. आणि शिटी वाजली ती लांब, रडवी. थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. आईवेगळे झालेले कोकरू ओरडते तशी.

सोनबा घाबरला नाही. तीस वर्षे बिघडलेली यंत्रे त्याच्या टेबलावर आली होती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्याचा धर्म होता. त्याने पडद्याची तार तपासली. मीटर लावून विजेचा दाब मोजला, बरोबर. टेलिफोनचा भाग काढून पाहिला, तेच रडे. निरोप साठवणाऱ्या तबकडीची तार काढून पाहिली, तेच रडे. नवी पट्टी काढून जुनी एकटी ठेवली, जुनी काढून नवी एकटी ठेवली, खाचांची अदलाबदल केली. आणि दर खेपेला पट्टी खाचेत घालण्याआधी, या वेळी तरी देवाने हात द्यावा म्हणून, तो तिला पुन्हा भंडारा लावी. जितकी भक्ती वाढे तितका भंडारा वाढे, आणि जितका भंडारा वाढे तितके यंत्र मुके होई. त्याला सगळ्याचा संशय आला: तारेचा, विजेचा, दुकानदाराचा, स्वतःच्या हातांचा. एका गोष्टीचा आला नाही. देवावर कोण संशय घेतो?

चंपाषष्ठी गेली, दुसरा दिवस गेला. वाटीतले नैवेद्याचे भरीत तसेच राहिले. फोन दोनदा वाजला. त्याने उचलला, एका वाड्याचा निरोप कागदावर लिहून घेतला. कागद खिशात घातला आणि वर बटण लावले. कागदाचा त्याला धाक होता.

आणि शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. शंभूराज फोन करील. तिसऱ्या घंटीला यंत्र उचलणार नाही. घंटी वाजत राहील, आणि तो समजेल, थोरल्याने हेही दार लावले. आपण उचलावा, तर तो ठेवून देईल. एकदा ठेवलेला फोन तो पुन्हा लावील? शंभूराजचा स्वभाव सोनबाला ठाऊक होता. तो आईवर गेला होता. एकदा पाऊल उचलले की मागे वळायचे नाही.

गुरुवारी सोनबाने रजा टाकली. यंत्र घोंगड्यात गुंडाळले, मांडीवर घेतले, आणि एसटीने बारामती गाठली. वाटेत भवानीनगरला एक बाई चढली, त्याच्याशेजारी बसली, गाठोड्याकडे बघत हळूच म्हणाली, “बाळ निजलंय का?” सोनबाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचे त्यालाच कळले नाही.

बारामतीच्या क्लासचा विजयसिंह वयाने तिशीच्या आत, जिभेने तिखट, मनाने गोड. त्याने दारातच हात जोडले.

“या सोनबाराव. कोकरू आणलंय का कॉम्प्युटर? कशात गुंडाळलाय हा?”

“घोंगड्यात, सर. यस्टीत दणकं बसत्यात.”

“आवो, लोकर! थंडीच्या दिवसांत लोकर आंगाला घासली की ठिणगी उडती, म्हाईत हाय न्हवं? ती ठिणगी आपल्याला मुंगीगत, आन या चिपांना विजेगत. मेमरी बसवताना कशावर बसला होता?”

सोनबाचा आवाज खाली गेला. “ह्याच घोंगड्यावर. तळी भरली हुती.”

विजयसिंहने झाकण उघडले. आतल्या पिवळ्या थरावर बोट टेकवले. “हे काय?”

“भंडारा. चंपाषष्ठीचा.”

विजयसिंहचे बोट आपसूक कपाळाकडे गेले. “आमचं बी कुलदैवत त्येच,” तो म्हणाला, आणि भंडारा जिथल्या तिथे ठेवून बाकी सगळे तपासू लागला. फुंकर मारून देवाचा भंडारा उडवायचा? ते पाप कोण घेईल? त्याने आपली चांगली पट्टी त्या खाचेत घातली. तेच रडे. त्याने सोनबाची नवी पट्टी आपल्या यंत्रात घालायला उचलली, मग हळदीने माखलेली पाहून तशीच खाली ठेवली.

“माझी पट्टी चांगली हाय आन तरी रडतंय. म्हंजे बोर्ड गेला, सोनबाराव. पुण्याहून मागवायचा तर आठ-दहा दिवस.”

“उद्या शुक्रवार हाय, सर.”

“शुक्रवारी काय?”

सोनबाने सांगितले नाही. काय सांगायचे? की उद्या माझा भाऊ माझ्याशी न बोलायला फोन करणार आहे?

परतीच्या एसटीत त्याने घोंगडे गुंडाळून पायाशी ठेवले आणि यंत्र वर्तमानपत्रात घेतले. ज्या लोकरीने आईने दोघा भावांना एका पांघरुणात निजवले, त्याच लोकरीने धाकट्याचा आवाज मारला, हे त्याच्या काळजात कुसळासारखे रुतले. संध्याकाळी त्याने घोंगडे वर माळ्यावर टाकले. त्या रात्री त्याला थंडी वाजली, पण त्याने ते काढले नाही.

शुक्रवारी नऊ वाजता वडापच्या जीपमधून बनाबाई उतरली. लेकीचा निरोप कानाने ऐकायचा म्हणून स्वतः आली होती. सोनबाने तिला सगळे सांगितले. ती जमिनीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाली, “उघड बगू. माणूस मेलं तरी तोंड बगाय देत्यात.”

त्याने झाकण उघडले. बटण दाबून रडे ऐकवले, बंद केले, पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. बनाबाईने ती डोळ्यांजवळ नेली.

“ह्ये पिवळं काय माखलंय रं?”

“भंडारा, मावशे. कपाळाला लावलाय तिच्या.”

“ह्ये कपाळ हाय व्हय?”

“सोनेरी कड... त्येच की. तीच खाचत जाती. तिच्याच वाटंनं सगळं आत-बाहीर...”

सोनबा बोलता बोलता थांबला. बनाबाई थांबली नाही. “मंग त्ये त्वांड झालं, लेका! आमी भंडारा मेंढराच्या कपाळाला लावतो. तोंडात मूठभर कोंबला तर मेंढरू चरंल कसं आन वरडंल कसं? आन खाचत बी घातलायस? कानात बी घातला म्हन की! देवाला तरी गुदमारलं आसंल ह्यात.”

सोनबाने तिच्या हातातली पट्टी घेऊन उजेडाकडे धरली. तीस वर्षांत धुळीच्या एका कणाने अडलेले काटे त्याने भिंगाखाली शोधले होते. हाताखालच्या पोरांना ‘धूळ आधी बघ’ असे तो ओरडून सांगत आला होता. आणि स्वतःच्या यंत्रात मूठभर हळद त्याला दिसली नव्हती, कारण तिच्यावर देवाचे नाव होते. विजयसिंहची पट्टी चांगली असूनही का रडली ते आता उघड होते. पट्टी चांगली, पण खाच भरलेली! बोर्ड मेला नव्हता. लोकरीने कुणाला मारले नव्हते. त्याच्याच प्रेमाने बिचाऱ्याचा गळा धरला होता.

“पण मावशे, पुसू कसा? देवाचा हाय.”

“आण हिकडं.” बनाबाईने पदर पसरला. “तू झाड, मी झेलते. देवाचं देवाला, यंत्राचं यंत्राला.”

सोनबाने जुना दात घासायचा ब्रश घेतला, कारखान्यातली स्पिरिटची बाटली घेतली, खोडरबर घेतले. खाचेतून सुकलेल्या हळदीचे पापुद्रे निघू लागले. बनाबाई ते पदरात धरी आणि एक चिमूट स्वतःच्या कपाळाला लावी. “माज्या मनिषाला सुखानं मोकळी कर, देवा,” ती पुटपुटे, “आन ह्याला अक्कल दे.” खोडरबराने पट्ट्यांच्या कडा घासल्या तशा रेघा पुन्हा झळकल्या. खाचांत स्पिरिट घालून त्याने ब्रश फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. आता ओल वाळेपर्यंत थांबणे भाग होते. ओल्या खाचेत वीज सोडली तर उरलेसुरले जाईल. त्याने यंत्र दारातल्या उन्हात ठेवले. घड्याळात अकराला दहा मिनिटे कमी होती.

आणि फोन वाजला.

एक घंटी. सोनबाने यंत्राकडे पाहिले. त्याचे पोट उघडे होते, पट्ट्या बाहेर, खाचा ओल्या.

दुसरी घंटी. बनाबाई उठून उभी राहिली. “उचल की!”

“मी उचलला की त्यो ठिवतुय, मावशे.”

“न्हाय उचललास तर माज्या लेकीचं कळंल कसं?”

तिसरी घंटी. निरोप्याची वेळ. सोनबाने फोन उचलला. मग, रोज यंत्राच्या आतून येणारे स्वतःचेच शब्द, त्याच सपाट सुरात, त्याच वेगाने, त्याने उच्चारले, “रामराम मंडळी. वाड्याचा आकडा दाबा, आन निरोप सांगा.”

कानात आकड्याचा सूर आला. सात. आता शिटी हवी. सोनबाने ओठ आवळले आणि तोंडाने बारीक आवाज काढला, “टूंऽऽ.” बनाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला; तिचे खांदे हलू लागले. पदरातली हळद फरशीवर सांडली.

पलीकडे बाजाराचा गलका होता. त्यातून आवाज आला, इतका जवळ की सोनबाला गालाशी श्वास लागल्यासारखे झाले. यंत्रातून येताना तो आवाज नेहमी डब्यातून आल्यासारखा वाटे. हा तसा नव्हता. हा शंभूराज होता.

“वाडा सात. मुक्काम आंब्याच्या राईपल्याड. मेंढरं बरी हायती. बनाबाईला सांगा, मनिषा मंगळवारी मोकळी झाली. पोरगी झाली. दोगी बऱ्या हायती. पोरीचं त्वांड आजीवानी हाय म्हनत्यात बायका.”

सोनबाने मोकळ्या हाताने बनाबाईचे मनगट धरले, हवेत बोटाने वेणी काढून दाखवली, मग दोन बोटे वर केली आणि मान डोलावली: पोरगी, दोघी बऱ्या. बनाबाई मटकन खाली बसली आणि आवाज न करता रडू लागली. आवाज करायचा नाही, एवढे तिलाही कळत होते. यंत्र रडत नाही.

निरोप संपला होता. या जागी दर शुक्रवारी फोन ठेवल्याचा खट असा आवाज येई. आज आला नाही. बाजाराचा गलका तसाच येत राहिला. कुणी कांदे ओरडत होते, एक मेंढी ओरडत होती. एसटीडीचे मीटर पुढे सरकत असणार, तरी तो उभा होता.

“मशीन,” शंभूराज म्हणाला आणि थांबला. “मशीन नीट चाललंय न्हवं?”

सोनबाने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. यंत्र उत्तर देत नाही. यंत्राला कुणी प्रश्नही विचारत नाही. गप्प राहिलो तर पुढच्या शुक्रवारी हा आवाज पुन्हा येईल, नक्की येईल; मेंढरे बरी आहेत, माणसे बरी आहेत. बोललो तर कदाचित ही ओंजळही जाईल. दोन वर्षे त्याने ती जपली होती. पण विचारले होते त्याला. अकरा वर्षांनी भावाने काही विचारले होते.

“व्हय,” सोनबा म्हणाला.

पलीकडे श्वास थांबला. मेंढी पुन्हा ओरडली. सोनबाने डोळे मिटले आणि खट अशा आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही, आला नाही, आणि मग, खूप वेळाने, जड जिभेने उचललेला एक शब्द आला.

“बरं.”

मग फोन ठेवला गेला. आदळला नाही. ठेवला.

सोनबा रिसीव्हर हातात धरून तसाच बसला. बनाबाईने डोळे पुसले, त्याला पाहिले, आणि काय झाले ते न विचारता त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. “पोरगी कुणावानी हाय म्हनला?” तिने विचारले. त्याने सांगितले, “आजीवानी.” तिचा चेहरा फुलला. बाराच्या जीपने ती गेली. सगळ्या अंथुर्ण्याला सांगायचे होते, थांबून कसे चालेल?

घर रिकामे झाले. ऊन दारातून पायरीवर सरकले, ओल वाळली. सोनबाने दोन्ही पट्ट्या खाचांत बसवल्या, या वेळी नुसत्याच. बटण दाबले. एक छोटी शिटी वाजली आणि पडदा उजळला. आकडे धावू लागले. जुनी मेमरी, नवी मेमरी, सगळी एकेक करून मोजली गेली. तो आनंदाने ओरडला नसता असे नाही, पण ऐकायला कुणी नव्हते.

आता एक काम राहिले होते. सातव्या आकड्यावर आज निरोप नव्हता. तो यंत्राने ऐकलाच नव्हता, सोनबाने ऐकला होता. मनिषाच्या सासरची, वाड्यावरच्या इतर घरांची मागे गावी राहिलेली माणसे आज-उद्या शून्य दाबतील, त्यांना तो मिळायला हवा. सोनबाने तो स्वतः सांगायला सुरुवात केली. “वाडा सात. मुक्काम आंब्याच्या राईपल्याड.” मधेच चुकले, ते पुसून पुन्हा सुरू केले. तिसऱ्या खेपेला नीट जमले. मेंढरे सांगितली, मनिषा सांगितली, पोरगी सांगितली, एकही शब्द त्याने खाली पडू दिला नाही.

शेवटचे दोन शब्द मात्र, एक स्वतःचा आणि एक शंभूराजचा, त्याने त्यात घातले नाहीत. ते वाड्याचे नव्हते. त्याने झाकणाचे स्क्रू आवळले, झाकून ठेवलेली अर्धी भाकरी काढली, आणि पाळीला जायच्या आधी, एकटाच, सावकाश जेवला.